बाबांच्या ग्लासापुरती

२२ ऑगस्ट, शुक्रवार

यीस्ट! कॅम्पसमोरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, चार तऱ्हेचं यीस्ट – आणि चारही पावाचं. पाकिटं उलटीपालटी करत एवढा वेळ उभा राहिलो की मल्याळी दुकानदारानं विचारलं, "पिझ्झा बनाना है?" हो म्हणालो. माडीवाल्याचा मुलगा मी – आणि पिझ्झा!

बाबांनी उभ्या जन्मात यीस्ट हा शब्द ऐकला नसेल. माडावरून उतरवलेला रस मडक्यात ओतला की आपोआप चढायचा. मडक्याच्या तळाचा गाळ ते कधी धुऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, "ह्या माझा विरजण." मला मात्र माडावर चढू दिलं नाही, आयटीआयला घातलं. पाइप जोडता येतो. माडी येत नाही.

२४ ऑगस्ट

पितृपक्षातली त्रयोदशी १९ सप्टेंबरला. बाबांचा पहिला म्हाळ. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. आई फोनवर रडत होती, "शिवाक नाय रे!" शेवटी दर्भाचा कावळा केला. आणि मी इथं, अरबांच्या देशात, यान्बूत, जिथं दारूचा थेंबही गुन्हा. भावकी म्हणाली, माडीत जीव अडकला असणार. वर्ष उलटलं, तरी ते मनातून जात नाही.

घरी चुलतभाऊ पान वाढेल. माडीचा ग्लासही ठेवेल. पण तो मुलाच्या हातचा नाही! एकच ग्लास करायचाय मला, आणखी काही नको.

२९ ऑगस्ट

केरूला कळलं. एका खोलीत दोघं, लपवणार कुठं? हा साताऱ्याकडचा, परांच्या बांधायचं काम करतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. "धरलं तर तुझ्यासंगं माझाबी इकामा जाईल, हाकलून देतील, विनय. पोरीचं लगीन हाय औंदा." मान खाली घालून ऐकलं. थांबणार नाही हे तेव्हाही ठाऊक होतं. लाज वाटते स्वतःची.

३१ ऑगस्ट

पावाचं यीस्ट करून बघितलं. कोमट पाणी, साखर, चिमूटभर यीस्ट. दहा मिनिटांत फेस आला, पण वास थेट बेकरीचा. बाबा थुंकले असते.

दारूचं यीस्ट निराळं असतं म्हणे. इथं मागायचं कुणाकडे? गावचा अशोक रजेवर गेलाय, त्याला आणायला सांगावं तर विमानतळावर तोच अडकायचा.

मग सुचलं – बाबांचं मडकं! फुटून माळ्यावर पडलंय, तळाला गाळ वाळून बसला असेल. आईला फोन केला. बाबांच्या मडक्याचं एखादं खापर अशोकबरोबर पाठव, म्हाळाला जवळ असू दे. ती बरं म्हणाली.

५ सप्टेंबर

अशोक आला. काळे वाटाणे, कोकम, आणि फडक्यात बांधलेलं खापर. आरशासारखं स्वच्छ!

आईला विचारलं. "पितरांच्या कामाक धुतल्याबिगर कसा देवचा? राखेन घासलंय, उकळत्या पाण्यात घातलंय." अभिमानानं सांगत होती. मी म्हटलं, बरं केलंस. फोन ठेवला आणि रडलो.

६ सप्टेंबर

शेवटी पावाचंच. बरणीत नारळपाणी, साखर, यीस्ट. झाकण सैलच ठेवलं. खापरही आत सोडलं – उगीच.

९ सप्टेंबर

बुडबुडे नाहीत. केरू एसी सोळावर लावतो, यीस्ट थंडीनं निजलंय बहुतेक. बरणी टॉवेलात गुंडाळून एसीपासून लांब ठेवली.

१० सप्टेंबर

चालू झालं! केरूनं न सांगता एसी चोवीसवर नेलाय. माझ्याशी बोलत मात्र नाही.

१७ सप्टेंबर

चव घेतली. आंबट, पाणचट, मागून पाव. माडीच्या पासंगालाही पुरणार नाही. पण दुसरं आहे काय माझ्याकडे?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी गच्चीवर, टाकीच्या आडोशाला पान मांडलं. भात, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर. शेजारी ग्लास. केरू जिन्यात राखण करत उभा राहिला, मी म्हटलं नव्हतं तरी.

बंदराकडचे कावळे इथं पुष्कळ. एक उतरला. भात उचलला, उसळ टिपली. ग्लासाला वळसा घालून गेला. पुन्हा आला, पुन्हा वळसा. अर्धा तास हात जोडून उभा होतो. चोच लावली नाही. बाबा, एवढी वाईट झाली का हो?

२० सप्टेंबर

आईला सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "तू गेलंस त्या दिसापासून तेंनी थेंब घेवक नाय रे. इकायचे, पण तोंडाक लावी नसत. म्हणत, झील विनय घराक येवदे, तेच्याच हातची तोंडाक लावतलंय. तुका मी कशाक सांगू, थंय तुझो जीव लागाचो नाय."

बाबा असताना प्लांटच्या शटडाऊनच्या कामासाठी मीच घरी जायची रजा पुढं ढकलली होती. दोनदा.