फटी

२ मार्च १९४०, माझगाव

पुन्हा डांबर! पौषात पाच रुपये पाठवले ते काय गोदावरीत गेले? मुंजाजी लिहितो — दादा, शीड फाटलं, दोन फळ्या कुजल्या, खिळे पायजेत. पत्र शिवाप्पा दुकानदाराच्या हातचं. खाली त्यांनी आपली ओळ घातलीच, "नाव घेतली का बायको केली? लयच मागायलीय."

जुनी नाव घेतली मीच, नांदेडच्या कोळ्याकडून, शिडासकट. आबा म्हणाले होते, "माणसं पल्याड न्यायला शीड कशाला?" बापाचं ऐकलं न्हाई. गावात बसवतही नव्हतं. नाव धाकट्या भावाच्या गळ्यात घालून इथं आलो. आता गोदीत दुसऱ्यांच्या बोटी खरवडतो.

९ मार्च

मुंजाजीला लिहिलं. आबा दर उन्हाळ्यात नदी आटली की दगड भरून नाव डोहात बुडवून ठेवतात, म्हणून फळ्या कुजतात. इथं बोटी वर काढून वाळवतात, मग डांबर देतात. यंदा बुडवायची नाही. मी लिहिलं हे आबांना सांगू नको, पुन्हा भांडण नको. पत्र वाचून दाखवणाऱ्या शिवाप्पांनाही तसंच बजावलं.

२१ मार्च

सहा कलदार रुपये पाठवले. डांबराचे.

१८ जून

मुंजाजीचं पत्र. डांबर देऊनही उन्हात फळ्या आकसल्या, तडकल्या. फटीतून बोट जातं म्हणे. पाण्यात घातली तर घटकेत भरली. लोक आता दुसऱ्याच्या नावेनं जायलेत. दोन्ही काठांच्या गावांकडून माणसं उतरवल्याची वर्षाची ज्वारी मिळायची, ती गेली.

आबा मुंजाजीला म्हणाले, "चाळीस वर्सं नावा बुडवून ठेवायलो, ती काय खुळा म्हणून? आता माझ्याशी बोलू नगस."

आणि मुंजाजीनं माझं नाव सांगितलं नाही. मी सांगू नको म्हटलं म्हणून.

२० जून

आबांना पत्र लिहायला बसलो. चूक माझी, एवढंच लिहायचं. पण आबांना कमी ऐकू येतं, शिवाप्पा ते दुकानात मोठ्यानं वाचणार. गाव हसणार. फाडलं.

२ जुलै

मुकादम रजा देत नाही. नव्या फळ्यांना पैसे जमवतोय. एका वेळचं जेवण सोडलंय. पैसे आणि पत्र बरोबरच पाठवीन. नुसतं पत्र बरं दिसत नाही.

१९ जुलै

आबा चौदा तारखेला गेले. सहा दिवस ताप होता. मुंजाजीनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर तोंड फिरवलं. शेजारणीच्या हातून प्याले.

फळ्यांसाठी जमवलेले आता आबांच्या दिवसांसाठी पाठवतोय. एकोणीस रुपये.