सेनापती आणि दूत यांतला सूक्ष्म भेद

३ मे, शनिवार

मुलगी महिनाअखेरीस नोकरीसाठी परगावी जाणार. ठीक आहे, मुलं जातातच. मला काही विशेष वाटत नाही, हे बायकोला जेवताना सांगितलं. जेवणानंतरही सांगितलं.

दर शनिवारी दुपारी मुलीची मंडळी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती एक खेळ खेळतात. अंतराळयान, परग्रह, चित्रविचित्र फासे. खेळायचं म्हणजे बोलायचं. मी दार उघडतो, मी गोळी झाडतो. जमलं की नाही ते फासा सांगतो. मुलगी यानाची पायलट. तिची मैत्रीण खरी नर्स, पण यानावर इंजिनिअर. सुट्टीच्या दिवशी तरी पेशंट नकोत म्हणते. दाताचा एक डॉक्टर खेळ चालवतो आणि राक्षसांचे आवाज काढतो. सगळे हुशार, पण मार्गदर्शनाचा अभाव. पुढच्या शनिवारपासून मदतीला बसायचं ठरवलं. मुलीसोबत चार घटका मिळतील, हा मुद्दा गौण.

५ मे, सोमवार

नियमपुस्तक आणलं. एवढ्या जाडीत पूर्वी एखादं अख्खं शास्त्र मावलं असतं. प्रत्येकाने एक क्लास घ्यायचा, म्हणजे यानावरचा पेशा. त्यात कमांडर आणि एन्व्हॉय हे दोन दिसायला जुळे भाऊ. दोघेही स्वतः लढत नाहीत, सोबत्यांना लढायला लावतात. मी त्यांना सेनापती आणि दूत म्हणतो. भेद असा: सेनापती आपली पाळी खर्चून सोबत्याला हुकूम सोडतो आणि सोबत्याला तेच करावं लागतं. दूत आपली पाळी सोबत्याला देऊन टाकतो. मग सोबती हवं ते करतो आणि दूत गप्प बसतो.

न्यायशास्त्रातला घट आणि पट यांचा भेद घोकून मोठ्या झालेल्या माणसाला हे म्हणजे बालवाडी.

मी दूत होणार. हुकूम सोडणं माझ्या स्वभावात नाही. हे ऐकून बायकोला हसता हसता ठसका लागला. पाणी पी म्हटलं. बसून पी म्हटलं. सावकाश पी म्हटलं.

१० मे, शनिवार

पहिला खेळ. परग्रहावर एक बंद दार. मी उदारपणे माझी पाळी मुलीला दिली. सोबत किरकोळ सूचना: आधी डावी कळ दाब, मग दोन पावलं मागे सर, दिवा हिरवा होईपर्यंत हात लावू नकोस. आयुष्यभर वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर केल्यामुळे वाक्यं आपोआप क्रमाने येतात. दंतवैद्य म्हणाला, काका, हा तर कमांडर झाला. त्याला लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तिन्ही दोष समजावले: अव्याप्ती, अतिव्याप्ती, असंभव. तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता. भारावला असावा. किंवा दाढ दिसली असेल.

दार उघडायचं राहिलं. वेळ संपली.

कप विसळताना मुलगी म्हणाली, बाबा, पाळी दिली की दूताने गप्प बसायचं असतं. म्हटलं, गप्पच होतो की, फक्त समजावत होतो.

१३ मे, मंगळवार

संकल्प: दूतवृत्तीचा घरीच सराव. टीव्हीचा रिमोट बायकोला दिला. कोणतं चॅनेल लावावं तेही सुचवलं. आवाज किती ठेवावा तेही. तिने रिमोट परत दिला. तिला टीव्ही बघायचाच नव्हता, दुसरं काय.

मुलीला बॅग तिच्या मनाप्रमाणे भरू दिली. मी फक्त दारात उभा राहून बुटांची जागा दाखवत होतो. दार बंद झालं. वाऱ्याने.

खिडक्या बंद होत्या, पण वारा कुठूनही येतो.

१७ मे, शनिवार

आजचा खेळ नर्सच्या खोलीवर झाला म्हणे. मला निरोप मिळाला नाही. काहीतरी घोटाळा. टेबल उगाच मोठं घेतलं.

२४ मे, शनिवार

शेवटचा खेळ, आमच्याच टेबलावर. बायकोने मध्यस्थी केली असं कानावर आलं. मुळात गरज नव्हती. मुलगी आधीच म्हणाली, बाबा, शेवटचा आहे हं. म्हटलं, निश्चिंत राहा.

यानाला आग. मुलीची पायलट बाहेरच्या दाराशी अडकलेली, हवा संपत आलेली, तिची पाळी होऊन गेलेली. आता माझी. 'माझी पाळी तुला' एवढं म्हटलं की ती आत येणार. मुलगी माझ्याकडे बघत होती. लहानपणी पाण्यात उडी मारायच्या आधी बघायची तशी.

मी सुरुवात केली. प्रथम परिस्थितीचं विवेचन. मग हे काम सेनापतीला का जमलं नसतं, ते. दंतवैद्याने वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवलेलं होतं. बोलायला वेळेची मर्यादा असते हे परिशिष्टात दिलंय, आणि परिशिष्ट मी वाचणारच होतो.

पायलट गेली.

नर्स म्हणाली, अहो काका, तीनच शब्द होते! मुलगी तिला म्हणाली, जाऊ दे गं, मला सवय आहे.

म्हणजे रागावलेली नाही. त्या वाक्याचे दोन-तीन अर्थ लावून पाहिले. त्यातला बरा ठेवला.

३० मे, शुक्रवार

उद्या बस. संकल्प: उद्याची पाळी पूर्ण तिची. ती बोलेल, मी ऐकेन. आरशासमोर गप्प बसून पाहिलं. छान जमतं.

३१ मे, शनिवार

बसपाशी मुलगी म्हणाली, बाबा, एक सांगायचं होतं. मी गप्प. अगदी दगड. ती म्हणाली, पुढच्या शनिवारी... तेवढ्यात तिच्या बॅगेची चेन उघडी दिसली. ते सांगायलाच हवं होतं. मग ओघाने तिकीट वरच्या कप्प्यात ठेव, पाणी बेताने पी, पोचलीस की आधी कुलूप तपासून बघ. बस सुटली. काचेमागे तिचे ओठ हलत होते. मी खिडकी लावून घ्यायची खूण केली. तिने लावली.

परतताना बायको म्हणाली, काय सांगत होती ते तरी ऐकलंत का? म्हटलं, साधारण अंदाज आहे. मग तिनेच सांगितलं. पुढच्या शनिवारपासून खेळ कॉम्प्युटरवर, आपापल्या घरून. माझी जागा मुलीने राखून ठेवली आहे.

म्हटलं, बघ, शेवटी दूताची किंमत कळली. बायको म्हणाली, दूत नाही हो. सेनापतीही नाही. ड्रोन. तिच्या नव्या पायलटच्या खांद्यावर बसतो म्हणे.

घरी येऊन पुस्तक उघडलं. ड्रोनला स्वतःची पाळी नसते. विचारल्याशिवाय बोलता येत नाही. पायलट जाईल तिथे जातो.

शेवटची ओळ पुन्हा वाचली. मानाचंच पद आहे. फक्त ड्रोन आणि रोबो यांत एक सूक्ष्म भेद आहे, तो शनिवारी सुरुवातीलाच सगळ्यांना नीट समजावून द्यायला हवा.