नुसता हात ठेवायचा

तीर्थस्वरूप वन्संच्या चरणी (माझी कंबर धरल्यामुळे चरणांपर्यंत पोहोचता येत नाही, तेव्हा गुडघ्यांपाशीच) नमस्कार.

इकडे सगळं ठीक. म्हणजे तुमचे बंधू ठीक आहेत आणि मी उभी आहे. तुमच्या डाव्या गुडघ्याचं काय म्हणणं? मागे तुम्ही म्हणालात की तो आता जिना चढताना बोलायला लागलाय. बोलू दे. आपल्या घरात न बोलणारं होतं कोण? फोन हाताशी असताना हिला पत्राची हौस कुठून आली, असं तुम्हाला वाटेल. फोनवर बोलायला लागलं की तुमचे बंधू शेजारी येऊन बसतात आणि आईंच्या कपाटाच्या किल्लीचं विचारायला सांगतात. शिवाय काही गोष्टी मोठ्याने बोलायची हल्ली मला भीती वाटते. जिच्याबद्दल बोलावं तिला ऐकू जायचं.

मी त्या संशोधन संस्थेत लागले हे तुम्हाला ठाऊक आहेच. पाठदुखीच्या माणसाला गोळ्यांच्या जोडीने मालीश दिलं तर गुण येतो का, आणि आलाच तर तो मालिशचा की कुणीतरी मायेने जवळ उभं राहिल्याचा, हे त्यांना शोधून काढायचंय. (आपल्या घरात हा प्रश्नच पडला नसता. मायेने उभं राहायला सवड कुणाला होती?) म्हणून त्यांनी पेशंटचे दोन गट केलेत. एका गटाला खरं मालीश मिळतं. ते करतो एक दांडगा गडी, ज्याला सगळे पैलवान म्हणतात आणि जो स्वतः मुंगीला घाबरतो. दुसऱ्या गटाला नुसता हात. पाठीवर दोन तळवे टेकवायचे आणि घंटी वाजेपर्यंत गप्प उभं राहायचं. दाबायचं नाही, चोळायचं नाही, तोंडातून अक्षर काढायचं नाही, मनातसुद्धा बरं करायचा विचार आणायचा नाही. आपण कुठल्या गटात आहोत हे पेशंटला कळू द्यायचं नाही. या नुसत्या हातावर माझी नेमणूक झाली. मोठ्या सरांनी मुलाखतीत माझे हात स्वतःच्या खांद्यावर ठेवून घेतले, डोळे मिटले, आणि काहीच जाणवत नाही, अगदी असंच माणूस आम्हाला हवं होतं, असं आनंदाने सांगितलं. सासूबाई इतकी वर्षं जे म्हणत होत्या ते शेवटी शास्त्रालाही पटलं.

तुमच्या आईबद्दल तुम्हाला मी काय सांगायचं, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सगळ्या गल्लीच्या पाठी त्यांच्या हाताखालून गेल्या. चपला दाराबाहेर काढायच्या, अनवाणी आत जायचं, आणि दुखणाऱ्या पाठीवर वाकवलेल्या बोटाने दोनदा वाजवायचं, कुणाचं दार वाजवावं तसं. दुखणं म्हणजे आगंतुक पाहुणा, त्याला आधी विचारावं, मग बाहेर काढावं, असं म्हणायच्या. मी हे काम त्यांचंच बघून शिकले, आणि जाईपर्यंत त्यांनी मला एकदाही बरं म्हटलं नाही. तुझा हात नुसता बडबडतो, ऐकत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुमच्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी तुमचं अंग रोज चोळलं. माझ्या वेळी हात आखडलेत म्हणाल्या आणि परक्या बाईला बोलावलं. ते मला लागलं होतं, वन्सं. अजून लागतं.

तर झालं असं. आमच्याकडे प्रत्येक पेशंटला नंतर बाजूच्या खोलीत बसवून एक बाई विचारपूस करतात, कसं वाटलं, आराम पडला का वगैरे. एक बसचालक आले होते, सीटवर बसून बसून कंबरेचा पार चुथडा झालेले. ते म्हणाले, दोन हात आपले ठेवायचे म्हणून ठेवलेले होते, पण तो तिसरा हात काय सुरेख होता हो. विचारपूसबाईंना वाटलं, गोळ्यांचा अंमल असेल. मग एक शिक्षिका म्हणाली की त्या दुसऱ्या वयस्कर बाईंनाच पुढच्या वेळी पाठवा. मग एक शिंपी म्हणाले, हात बर्फासारखा गार होता पण नेमका जिथे दुखतं तिथेच गेला, आणि जायच्या आधी दोनदा वाजवून गेला. हे मला सांगितलं तेव्हा मी चहा पीत होते. तो कप मी खाली ठेवला तो कुठे ठेवला ते मला आजतागायत आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, लोक काय, काहीही बोलतात. मलाही तसंच वाटत होतं. पण नुसत्या हाताचा गट पैलवानाच्या गटापेक्षा भराभर बरा व्हायला लागला. माणसं काठी विसरून जायला लागली. (आमच्या दाराशी काठ्यांचं दुकान झालंय.) मोठ्या सरांना संशय आला की मी लपूनछपून दाबते. त्यांनी खोलीत कॅमेरा लावला आणि मला समोर बसवून चित्रण बघितलं. त्यात मी दिसते, खांबासारखी उभी. माझे दोन्ही तळवे पेशंटच्या पाठीवर, वर खांद्यांपाशी आहेत, हलत नाहीत. आणि खाली कंबरेवर टॉवेल पसरलेला आहे, तो आपोआप दबतो. एक तळवा मावेल एवढा खड्डा पडतो, जरा सरकतो, पुन्हा दबतो. सरांनी ते दोनदा बघितलं, मग कॉम्प्युटर बंद केला, मला म्हणाले की पंख्याचा वारा असेल, आणि पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता. त्या दिवशी सर लवकर घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी खोली पैलवानाला दिली आणि मला त्याची. पैलवानाने नुसता हात ठेवला, काही झालं नाही. माझ्याकडे मात्र नव्या खोलीतही टॉवेल दबला. म्हणजे सासूबाई खोलीत नाहीत, माझ्यामागे आहेत. हयात असताना बाजारात कधी माझ्यासोबत आल्या नाहीत, आणि आता नोकरीवर येतात!

त्यात भर म्हणून ग्रंथालयातल्या एक बाई आल्या. आमच्या टेबलाला डोक्याकडे तोंडासाठी भोक असतं. पेशंट पालथा झोपला की त्याला त्यातून फक्त फरशी आणि आमची पावलं दिसतात. या बाईंनी बाहेर जाऊन सांगितलं की खाली पावलांच्या दोन जोड्या होत्या. एक चपलांतली, म्हणजे माझी. दुसरी तिच्या मागे, अनवाणी, आणि त्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. (तुमचंही तसंच आहे, रागावू नका. ओळख पटावी म्हणून लिहिते.) मी तुमच्या बंधूंना घरी येऊन सगळं सांगितलं. वाटलं, माणूस घाबरेल, रडेल, निदान जेवणार नाही. त्यांनी दुसऱ्यांदा आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, आई आहे ना, मग तिला कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते विचार.

आता मुद्द्याचं. येत्या गुरुवारी मोठी समिती तपासणीला येणार आहे. ज्या गटात काहीच करायचं नाही तिथेच कुणीतरी काहीतरी करतंय म्हटल्यावर सगळं संशोधन पाण्यात. सर भले गृहस्थ आहेत, त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं, "बाई, गुरुवारच्या आत एक तर तो हात जाऊ दे, नाही तर तुम्ही जा." इतक्या वर्षांनी कुठेतरी माझ्या या हातांना किंमत आली, भले काही न करण्याची का असेना. तेवढीसुद्धा सासूबाईंनी राहू देऊ नये? त्या फक्त तुमचं ऐकायच्या. तेव्हा बुधवारी या, पेशंट म्हणून टेबलावर झोपा, आणि हात आला की त्यांना समजावून घरी, म्हणजे जिथे कुठे असतील तिथे, परत पाठवा. गुडघ्यालाही आराम पडेल. मुलांना आशीर्वाद. भावजींना म्हणावं, तुमचे चारदोन दिवस उपाशी जाणार नाहीत, फ्रीज उघडायला शिका.

तुमची (आईंच्या मते बडबड्या हातांची)
वहिनी

ता. क. बंधूंनी पत्र वाचलं. किल्लीचं ठळक अक्षरात लिही म्हणाले. लिहिलं.

ता. क. आणखी एक. हे ते झोपल्यावर लिहिते. सासूबाईंना परत पाठवा असं वर लिहिलंय ना, तसं काही म्हणू नका. खरं सांगते, मला आता भीती वाटत नाही, हेवा वाटतो. येणाऱ्याजाणाऱ्याला तो हात मिळतो, फक्त मला नाही. परवा सगळे गेल्यावर मीच टेबलावर पालथी झोपले आणि पैलवानाला नुसता हात ठेवायला लावला. बराच वेळ वाट पाहिली. काही आलं नाही, पैलवान तेवढा रामरक्षा पुटपुटत होता. मी उभी राहून पाठीवर हात ठेवते तेव्हाच त्या येतात, आणि तेव्हा त्यांची जागा माझ्यामागे असते. तेवढं एक विचारा त्यांना, माझ्या वेळी तुमचे हात का आखडले होते म्हणून. जाऊ नका असंही सांगा. नोकरीचं बघू.

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं ते बरं झालं. आज ते बसचालक पुन्हा आले. मी तळवे टेकवले आणि पहिल्यांदाच माझ्या हाताखाली मला कळलं की यांना कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, आणि ते कुणाला सांगत नाहीत. हात गप्प होता, ऐकत होता. मला रडू आलं. टॉवेल कुठेही दबला नाही. मला वाटलं, शिकवून झालं, गेल्या बिचाऱ्या, आणि मी त्यांच्याबद्दल वाईटसाईट लिहिलं म्हणून मनाला चुटपुट लागली. नंतर विचारपूसबाई मला शोधत आल्या. त्या म्हणाल्या की बसचालक फार खूश आहेत, आज एकच बाई होत्या म्हणाले, वयस्कर, हात गार. दोनदा वाजवलं आणि मग दुखणं निघूनच गेलं. त्यांनी भोकातून खालीही बघितलं होतं. पावलांची एकच जोडी होती, अनवाणी, दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं.

वन्सं, माझ्या पायांत तेव्हा चपला होत्या. मी त्या मुद्दाम बघितल्या होत्या.

तर बुधवारी या. टेबलावर झोपा, खाली नीट बघा, आणि त्याच असतील तर त्यांना म्हणावं, आई, हात तुमचाच राहू दे, पण जरा सरका. वहिनीला उभं राहायला जागा द्या.