पान एकेचाळीसवरचा आयोडीन

ती. बाबांच्या चरणी जावयाचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात आपण लिहिलं होतं की नव्या डॉक्टरला काही कळत नाही, आणि त्याआधीच्या पत्रात जुन्यालाही. तेव्हा तब्येत सुधारत असावी असं आम्ही धरून चाललो आहोत. इकडे सगळे खुशाल. आपली कन्या तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही, बाकी घरात शांतता आहे. (कारण खाली येईलच. पत्र शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.)

आपली प्रात्यक्षिकांची पुस्तिका आमच्या कॉलेजात अजूनही वेदवाक्य मानतात. निरीक्षण आदल्या दिवशी घरूनच लिहून आणायचं, ही आपण विभागप्रमुख असताना घालून दिलेली शिस्तही आम्ही मोडलेली नाही. तिचे फायदे मोठे आहेत: वेळ वाचतो, काच फुटत नाही, आणि प्रयोग बिघडला तरी वहीला त्याचा पत्ता लागत नाही.

चार दिवसांपूर्वीच्या परीक्षेत हॅलोजनचा प्रयोग होता. या घराण्याची रीत आपल्याला मी काय सांगावी? आवर्तसारणीत जो वर बसलाय तो दांडगा. फ्लोरीन तर इतका भांडकुदळ की काचेलाही सोडत नाही, म्हणून त्याला आपण दारातच घेत नाही. क्लोरीन ब्रोमाइडमध्ये शिरला की ब्रोमीनला हुसकून त्याच्या जागी बसतो. ब्रोमीन तोच राग आयोडीनवर काढतो. आणि तळाच्या आयोडीनला या दोघांपैकी कुणालाच हुसकता येत नाही. (आमच्या विभागात मी तळाला आहे, म्हणून मला हे चटकन समजतं. वरची दोघं निष्क्रिय वायूंच्या रांगेतली. ती कशातच पडत नाहीत.)

आता आपल्या पुस्तिकेचं पान एकेचाळीस. तिथे छापलंय की पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये आयोडीनचं द्रावण घातलं की नळीत तपकिरी रंग येतो, अर्थात ब्रोमीन मुक्त झाला. बाबा, रंग येतोच. पण आयोडीनचं द्रावण मुळातच तपकिरी असतं. तपकिरी ओतलं, तपकिरी दिसलं. गेली बावीस वर्षं मुलं हे लिहिताहेत, आम्ही बरोबरची खूण करतो आहोत, आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

यंदा एका मुलीचं बिघडलं. शिंप्याची मुलगी आहे, हाताने नीटस, जिभेने अगदीच सरळ. निरीक्षणाची जागा कोरी ठेवून आली. मी विचारलं, "विसरलीस का?" तर म्हणे, "नाही सर, अजून पाहिलंच नाहीये." मग तिने नळीत थोडं हेक्झेन, म्हणजे पाण्यात न मिसळणारा तो रंगहीन द्रव, घातलं, बूच लावून हलवलं आणि नळी स्टँडवर ठेवली. वर तरंगणारा थर जांभळा झाला. ब्रोमीन सुटला असता तर नारिंगी व्हायला हवा होता. तिने लिहिलं: अभिक्रिया नाही, रंग आयोडीनचाच. मी तो जांभळा थर पाहिला. फार सुंदर होता. मग पान एकेचाळीस पाहिलं आणि तिला शून्य दिलं. याची मला लाज वाटते, हे आपल्यापासून लपवत नाही. त्या शून्यामुळे ती तीन गुणांनी नापास झाली. शुक्रवारपर्यंत गुण सुधारले नाहीत, तर तिचं पुढचं वर्ष गेलं.

दुसऱ्या दिवशी धीर करून नळी घेऊन प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "पुस्तिका चुकली म्हटलं तर बावीस वर्षांचे निकाल चुकले. त्यापेक्षा नळी चुकली म्हणा." मग नळी धुऊन ठेवायला सांगितली. फारच मागे लागलो तेव्हा म्हणाले, लेखकाने स्वतः लेखी कळवलं तर बघू.

घरी येऊन हे सांगितलं, तर आपली कन्या म्हणाली, "पान एकेचाळीस? मी बाबांना कॉलेजात असतानाच दाखवलं होतं." आपण म्हणे 'पुढच्या आवृत्तीत पाहू' म्हणाला होतात. आवृत्त्या सहा निघाल्या. मला जरा हायसं वाटलं, कारण बोलणी आपल्याला बसणार असं वाटलं. पण ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबांनी निदान नळी पाहिली नव्हती. तुम्ही पाहिलीत." तेव्हापासून अबोला आहे.

असो. गुडघ्याला जपावं, जिना टाळावा.

आपला आज्ञाधारक,
जावई

ता. क. सोबत एक टाइप केलेला कागद आहे. 'पान ४१, ओळ नववी चूक आहे' एवढंच त्यात आहे. खाली सहीपुरती जागा सोडली आहे. सही बसल्या बसल्याही करता येते.

आणखी ता. क. आपलं पत्र मला मिळालं आहे असं सांगून मी काल तिचे गुण बदलून घेतले. ती पास झाली. शुक्रवारी प्राचार्य कागद मागतील. तो आला तर पुस्तिकेची अब्रू जाईल, नाही आला तर माझी नोकरी.

शेवटचा ता. क. नोकरी गेल्यास आम्ही सगळे कायमचे आपल्याकडे राहायला येऊ, असं आपल्या कन्येने मला चिठ्ठीवर लिहून दिलं आहे.