कपिलीची धार

पळसदेव,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय इंद्रजितदादा,

तुला नि वहिनीला नमस्कार, पोरांना पापा. इकडं सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. माझा फोन कालपासून ह्यांच्या खिशात आहे. शेजारच्या धोंडाबाई डोळे दाखवायला बारामतीला येतायत, त्यांच्या पिशवीत हा कागद घातलाय. त्यांना वाचता येत नाही, ते एक बरं.

माझी जाऊ प्रगती दसऱ्यानंतर नाहीशी झाली, त्याची बातमी तूच तुझ्या पेपरात दिलीस. ‘विवाहिता प्रियकरासोबत पसार?’ दादा, प्रश्नचिन्ह टाकलं की काहीही खपतं का रे? ज्या बाईला बाजाराला जायचं तरी सासूला विचारावं लागायचं, तिला प्रियकर कुठला? ‘सूत्रांनी सांगितलं’ म्हणे. ती सूत्रं आमच्याच ओसरीवर बसून चहा पीत होती. तिचा नवरा, आमचे विशालभाऊजी, बोलले आणि तू लिहिलंस. मला भारी राग आला होता तुझा.

पण त्याच बातमीतली शेवटची ओळ माझी होती. पहाटे पिवळ्या साडीत गोठ्यात धार काढताना तिला मी पाहिलं, असं मीच तुला आणि पोलिसांना सांगितलं. त्या ओळीवर भाऊजी सुटले, कारण ते आदल्या संध्याकाळीच भाजीची गाडी घेऊन पुण्याला गेलेले. जाण्याआधी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ते कुणी छापलं नाही, मीही बोलले नाही. घरातलं घरात राहावं म्हणून.

आता नीट ऐक. आमची कपिली गाय प्रगतीशिवाय कुणाला हात लावू देत नाही. प्रगती माहेरी गेली की सासूबाई तिची साडी डोक्यावरून घेऊन धारेला बसायच्या, ती नाहीशी झाल्यावरही तेच चाललं. गाय वासाला फसायची. परवा सासूबाई बावड्याला लेकीकडं गेल्या. काल दिवस मावळायला मी मळ्यातून आले, तर गोठ्यात प्रगती. तीच पिवळी साडी, तोच डोईवर पदर, तशीच वाकून बसलेली. माझ्या हातातली पाटी पडली. “आलीस गं बाई!” म्हणत मी धावले.

पदर सरला. आत तुझे दाजी होते.

“दुसऱ्या साड्या आईनं जाताना धुऊन टाकल्या,” हे म्हणाले. “त्यांना वास न्हाय. गाय ऐकंना.”

मी विचारलं, ती तर पिवळी साडी नेसून गेली ना? ह्यांनी आधी बादली भरून घेतली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “तू तिला पहाटं बघितलंस. पेपरात बी आलंय. मग बघितलंसच.”

आवाज चढवला असता तरी बरं वाटलं असतं. दादा, त्या पहाटे पिवळ्या साडीत मी पाहिले ते हेच होते, हे मला काल कळलं. धार निघाली नसती तर कपिलीनं हंबरून सगळी वस्ती गोळा केली असती. माझ्या त्या ओळीमुळं पोलीस एसटी स्टँड आणि लॉज शोधत बसले. आमच्या बांधाला लागून उजनी धरणाचं पाणी आहे, तिकडं कुणी फिरकलं नाही.

बारा वर्षं ह्यांच्याशी संसार केला. काल रात्री त्यांच्या शेजारी अंग आखडून पडले. मला फार भीती वाटतेय. आज दुपारी मोटर बघायला पाण्याकडच्या मळ्यात चल म्हणालेत. मी डोकं दुखतंय म्हणाले. उद्याही दुखेल, पण किती दिवस दुखणार?

आई आजारी आहे असं सांगून मला न्यायला ये. एकटा येऊ नको. पोलिसांना हा कागद दाखव, आणि माझी ती ओळ चुकीची होती असं छाप.

तुला उशीर झाला आणि ‘आणखी एक विवाहिता पसार’ अशी बातमी कुणी आणून दिली, तर प्रश्नचिन्ह टाकूनसुद्धा छापू नको. मी कुणाबरोबर गेलेली नाही.

अजून घरातच असलेली,
तुझी रेश्मा