नातेवाइकाची सही

प्रिय दादा,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच बाजूला टाकशील, या भीतीनं पत्ता लेकीकडून लिहून घेतलाय. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. सात वर्षांनी लिहायला बसले, आणि सुरुवात कशानं करायची, तर मूळव्याधीनं. हस, हरकत नाही. लहानपणी मला साधा फोड आला तरी तू गल्लीभर दवंडी पिटायचास. या दुखण्याची मात्र मी दीड वर्ष कुणाला कुणकुण लागू दिली नाही. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. माझा तर जावईसुद्धा अजून व्हायचाय.

आधी नुसती खाज आणि जळजळ होती. मग रक्त दिसायला लागलं. उष्णता असेल, जागरण असेल, अशी मनाची समजूत घालत राहिले. तुला ठाऊक आहे, मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्याच कारखान्यात आहे अजून. अकरा मशिनी आणि अकरा लोखंडी स्टुलं. आठ तास बसून कॉलरी लावायच्या. आधी चिंध्या भरून एक गोल गादी शिवली, मधे भोक ठेवून. शेजारच्या मशीनवरची म्हणाली, "बाई महाराणी झाल्या." मी पण हसले. नंतर एका कुल्ल्यावर बसून शिवायला शिकले, दर अर्ध्या तासानं बाजू बदलायची. त्यानं कंबर धरली. सुपरवायझर बाईंकडे इस्त्रीच्या टेबलावर उभ्याचं काम मागितलं, तर कारण विचारलं त्यांनी. मला कारण सांगता येईना. पाय मोकळे करायचेत म्हणाले. "पाय मोकळे करायला बाग आहे की," म्हणाल्या.

दादा, खरी भीती सकाळची असायची. उठलं की संडासची वेळ. जावं तर लागणार, आणि गेलं की आत काच फुटल्यासारखं व्हायचं. त्या भीतीनं मी जेवणच कमी केलं. खाल्लंच नाही तर जावं कशाला लागेल, हे माझं शहाणपण. त्यानं आणखी खडा धरायचा आणि आणखी चिरायचं. कोमट पाण्याच्या टबात बसले की तेवढी पंधरा मिनिटं बरी जायची. मलम आणायला मी तीन थांबे लांबच्या दुकानात गेले, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. दुकानदार थोडा बहिरा होता. त्यानं आतल्या माणसाला खच्चून ओरडून विचारलं, "मूळव्याधीचं मलम कुठं ठेवलंय रे?" रांगेत सातजण होते. मी पदर नाकापर्यंत ओढला आणि वळून मागच्या बाईकडेच बघितलं, जणू मलम तिचं होतं.

यांना सांगितलं नाही, कारण हे महिन्यातले वीस दिवस मालवाहू गाडीवर. फोनवर काय सांगणार? लेकीला तर त्याहून नाही. पण गेल्या महिन्यात मशीनवर घेरी आली आणि सुई थेट बोटात गेली. सुपरवायझर बाईंनीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बोट राहिलं बाजूला, रक्त तपासलं तर अंगात निम्मंच रक्त. कुठून जातंय, असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर मला रडूच फुटलं. तपासताना मी भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिले. त्यांनी सरळ सांगितलं, मलमानं बरं व्हायची वेळ केव्हाच गेली. आता ऑपरेशन. दोन दिवस राहायचं, पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचं अंग बधिर करायचं, रोज होतात अशी ऑपरेशनं. त्या बोलत होत्या आणि मला पुढचं काही ऐकूच येत नव्हतं. ऑपरेशन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच बाकडं येतं. आईच्या वेळचं, ते तुला सांगायला नको.

तेव्हापासून दोनदा तारीख घेतली आणि दोनदा मोडली. एकदा सर्दी झाली म्हणून सांगितलं, एकदा पाहुणे येणार म्हणून. पाहुणे कुठले? वहिनी अधूनमधून फोन करते, मागे तुझं खोकणं ऐकू येतं, आपलं येणं-जाणं तेवढ्यापुरतंच. रात्री मी गोळी घेऊन पालथी पडते आणि विचार करते, इंजेक्शन उलटलं तर? बधिर झालेले पाय तसेच राहिले तर? आईसारखं टेबलावरून परत आलेच नाही तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचं आणि तुमच्या आईचं दुखणं वेगळं. आतड्याला पीळ पडला होता ना? तो जिवावरचा प्रसंग, हा तसा नाही. मी मान डोलावली. मग तोंडातून निघूनच गेलं, "त्या पिळात अडीच तासांनी फरक पडतो का हो?" त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "कधी पडतो, कधी नाही. पण हे आज का विचारताय?" मी पिशवी उचलून बाहेर आले.

परवा तिसऱ्यांदा तारीख घ्यायला गेले, लेक सोबत होती. एकोणीस पूर्ण झाली तिला. उंची तुझ्यावर गेलीय. खिडकीवरच्या माणसानं संमतिपत्र दिलं. एक रकाना रुग्णाच्या सहीचा, एक नातेवाइकाच्या. माझी सही मी केली. यांना फोन लावला तर म्हणाले, लेक सज्ञान आहे, ती करेल. तिनं पेन हातात घेतलं. कागद वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग पेन खिडकीवर ठेवून म्हणाली, "आई, मी नाही करणार. काही झालं तर उद्या तू नसशील, पण कुणीतरी मला म्हणेल, तुझ्या सहीनं आई गेली. मला मामासारखं व्हायचं नाही."

दादा, आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती. माझा पदर धरून उभी होती. मला वाटलं होतं, पोर आहे, विसरली असेल. तुला मी सगळ्यांदेखत ते वाक्य फेकून मारलं, तू चष्मा काढलास, पुसलास आणि निघून गेलास, हे तिनं सगळं जपून ठेवलं होतं. कागद तसाच घडी करून आम्ही घरी आलो. ती जेवली नाही, मीही नाही. आणि काल सकाळी, तिच्यासमोर बसून, जे तुलाही कधी सांगितलं नाही ते तिला सांगितलं.

त्या दिवशी अकरा वाजता डॉक्टर कागद घेऊन आधी माझ्याकडे आले होते. तू दीड वाजता पोचलास. आई आतल्या खाटेवर कण्हत होती, मी तिच्याजवळ होते, लिहितावाचता येणारी, शहाणीसुरती. त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही, दादा येईल, तो करेल." मी घाबरले होते. तू बसमधून उतरून धावत आलास आणि बसलाही नाहीस, उभ्या उभ्याच सही केलीस. ते अडीच तास माझे होते. आई गेली तेव्हा ते माझ्या छातीवर येऊन बसले, आणि मी ते उचलून तुझ्या अंगावर टाकले. तू जाताना मागे वळून बघितलं असतंस तर कदाचित तेव्हाच सांगितलं असतं. नाही, खोटं कशाला लिहू, तेव्हाही नसतं सांगितलं.

लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, जवळ घेईल, आई, जाऊ दे म्हणेल. ती उठली, भांडी घासली, हात पुसले आणि म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? मामाला लिही. तू पत्र टाकलंस की मी सही करते." म्हणून हे पत्र. माफी मागायला शब्द शोधत होते, सापडले नाहीत. आईला तू मारलं नाहीस, हे एवढं माझ्या अक्षरात तुझ्या घरी असू दे. ऑपरेशन येत्या गुरुवारी सकाळी दहाला आहे. हे गाडीवर आहेत, लेक बाहेर एकटीच असेल. माझ्यासाठी ये असं म्हणायचं तोंड मला नाही. पण जमलं तर तिच्याशेजारी येऊन बस. आत काही बरंवाईट झालंच आणि बाहेर कुणी त्या पोरीकडे बोट दाखवलं, तर तिच्या बाजूनं बोलणारं एक माणूस तिथं हवं. तुझ्या वेळी तसं कुणीच नव्हतं.

तुझीच,
बारकी