भैरवीचा डेमो आणि माझं मार्गदर्शन

२ जून, सोमवार
आजपासून नियमित. सहाला उठणे, फिरणे, मग नोकरीचे अर्ज. फौंड्री बंद पडून नोकरी गेल्यापासून इतकं स्पष्ट पहिल्यांदाच ठरवलंय. उठायला उशीर झाला, पण ठरवलं अंथरुणातच, त्यामुळे सकाळ वाया गेली नाही.
निपाणीच्या एका पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजातून भैरवीला, माझ्या बायकोला फोन. फिजिक्सची जागा, पुढच्या मंगळवारी डेमो लेक्चर. लग्नाआधी ती शिकवायची. विषय: आदर्श वायूच्या वेगवेगळ्या प्रक्रियांत उष्णता किती लागते, याची तुलना. घरात मेकॅनिकल इंजिनिअर असताना काळजी कशाला, म्हटलं. ती म्हणाली, "व्हय. आधी आंघोळ करून घ्या."

३ जून
अर्ज उद्या.

५ जून, दुपारी
मार्गदर्शन सुरू. तिनं आलेख काढला. एकच वायू, फुगून दुप्पट जागा व्यापतो. वाटा तीन: दाब तोच ठेवून, तापमान तेच ठेवून, किंवा उष्णता आतबाहेर जाऊच न देता. मी लगेच सांगितलं, तापमान बदललं नाही म्हणजे उष्णता शून्य. उघड आहे.
तिनं पेन खाली ठेवलं. "असं कोण सांगितलं तुम्हाला? वायू पिस्टन ढकलतोय न्हवं? ते काम कशावर करणार? बाहेरनं उष्णता द्यावीच लागती, तवा कुठं तापमान तेवढं राहतंय."
इंडस्ट्रीत इतकं बारीक कुणी बघत नाही, म्हटलं. वाद वाढवला नाही. मोठेपणा एकानं घ्यावाच लागतो. झोपलो.

८ जून, रविवार
आण्णाप्पाचा फोन. फौंड्रीत माझ्या शेजारच्या टेबलावर असायचा, आता पुण्यात लागलाय. म्हणाला, "रेझ्युमे धाड लगेच, जागा हाय." आत्ता धाडतो म्हटलं. लॅपटॉप उघडून बसलो. काही वाटलं नाही. वाईटसुद्धा नाही. अंधार पडला तेव्हा भैरवीनं दिवा लावला.
डेमोच्या तोंडावर माझं लक्ष दुसरीकडे नको. रेझ्युमे मंगळवारनंतर.

१० जून, मंगळवार
निपाणीला सोबत गेलो. ती नको म्हणत होती, संकोच. मागच्या बाकावर बसलो.
सुरुवातीला ती फळ्याकडेच तोंड करून बोलत होती. मग तेजस्वी नावाच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तापमान बदलत न्हाय, मग उष्णता कशाला द्यायची?" माझाच मुद्दा! भैरवी हसली. "आमच्या घरातबी असंच म्हणत्यात." वर्ग हसला, प्राचार्य हसले. मीही हसलो. मग ती मुलांकडे बघून बोलायला लागली. म्हणजे उपयोग झालाच माझा.
तिनं फळ्यावर दाखवलं. दाब तोच ठेवला तर उष्णता सगळ्यात जास्त, कारण कामही करायचं आणि तापायचंही. तापमान तेच ठेवलं तर फक्त कामापुरती. तिसऱ्या वाटेत शून्य. तिथं वायू आपल्याच आतलं खर्चून फुगतो आणि गार पडतो. मुलं लिहून घेत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो.
प्राचार्यांनी तिथंच सांगितलं, सोमवारपासून या. परतीच्या बसमध्ये म्हटलं, जमलं आपल्याला. भैरवी पलीकडे तोंड करून रडत होती. आनंदानं असणार. विचारलं नाही.

१६ जून, सोमवार
तिच्याआधी उठून चहा करायचा, स्टँडवर सोडायचं, असं पक्कं होतं. उठलो तेव्हा ती निघून गेलेली. भात झाकून ठेवला होता.
आण्णाप्पाचा मेसेज, जागा भरली. पुणं लांबच पडलं असतं.
संध्याकाळी ती आली. तास कसे झाले, विचारलं. चांगले झाले म्हणाली. पोरी लई चौकस आहेत म्हणाली, तुमचे सर काय करतात विचारत होत्या. मी म्हटलं, मग काय सांगितलंस?
चपला काढता काढता म्हणाली, "घरी असतात म्हटलं."
यात काही दुरुस्ती सुचली नाही.